सुरक्षेचे प्रमाणपत्र आणि काम थांबवण्याचा अधिकार

हैदराबादेत चादरघाटाचा पूल ओलांडून विजयवाड्याच्या रस्त्याला लागले, की आधी मलकपेठ आणि त्याला लागूनच दिलसुखनगर लागते. शिकवणी वर्गांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात बँकेच्या परीक्षा, संगणक आणि सरकारी नोकरभरती यांच्या जोडीला ‘फायर अँड सेफ्टी’ हाही विषय आता रुळला आहे. पदविकाधारक अभियंते, विज्ञान शाखेचे पदवीधर आणि आयटीआय झालेले तरुण या विषयाकडे वळतात, कारण सौदी अरेबिया, कतार, ओमान आणि अमिराती येथील बांधकामांवर व तेलशुद्धीकरण प्रकल्पांत ‘सेफ्टी ऑफिसर’ या पदाला मागणी असते, आणि करीमनगर, निझामाबाद, जगित्याल या जिल्ह्यांतून आखातात जाण्याची वाट गेल्या काही दशकांत चांगलीच मळलेली आहे. नांदेड, देगलूर, धर्माबाद या बाजूच्या मराठी मुलांनाही मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबादच जवळचे. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होते आणि त्या जुन्या संबंधाचा काही भाग शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने अजून टिकून आहे.

असे शिक्षण घेतलेल्याच्या हाती शेवटी जो कागद पडतो तो नेमके काय सिद्ध करतो, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. तो विचारण्याजोगा आहे, कारण या क्षेत्रात वस्तूला, व्यवस्थेला आणि माणसाला अशी तीन निरनिराळी प्रमाणपत्रे दिली जातात, त्यांची हमी निरनिराळी असते, आणि कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर ती शेजारी शेजारी चौकटीत लागली की पाहणाऱ्याला ती एकाच तोलाची वाटू लागतात.

वस्तूचे प्रमाणपत्र समजायला सर्वांत सोपे. भारतीय मानक ब्यूरोने औद्योगिक हेल्मेटसाठी आयएस २९२५, सुरक्षा पादत्राणांसाठी आयएस १५२९८ आणि उंचीवर काम करताना अंगावर बांधायच्या पट्ट्यासाठी, म्हणजे हार्नेससाठी, आयएस ३५२१ ही मानके ठरवून दिली आहेत, आणि आयएसआय चिन्हाचा अर्थ इतकाच, की त्या नमुन्याची वस्तू ठरलेल्या चाचण्यांना उतरली आहे. हार्नेस बनला तेव्हा चांगला होता हे ते चिन्ह सांगते. दोन वर्षे उन्हात आणि सिमेंटच्या धुळीत वापरल्यानंतर त्याच्या पट्टीची शिवण उसवली आहे का, पाठीवरची लोखंडी कडी वाकली आहे का, धक्का शोषणारी घडी पूर्वीच कधी झटका बसून उलगडली आहे का, हे रोज तपासणाऱ्याच्या नजरेवरच अवलंबून राहते. हा पट्टा ज्या कडीला किंवा दोरीला अडकवायचा ती पडणाऱ्या माणसाचा झटका पेलणारी नसेल, तर आयएसआय चिन्हाचा काहीच उपयोग होत नाही. बांधकामांवर अनेकदा दिसते ते असे, की हार्नेस अंगावर असतो, हूक मात्र त्याच हार्नेसच्या कडीत परत अडकवलेला असतो.

मोठ्या यंत्रांसाठी कायद्याने पुढची पायरी घालून दिली आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ नुसार मालाचे व माणसांचे उद्वाहक दर सहा महिन्यांनी, आणि क्रेन, साखळ्या, दोर यांसारखी भार उचलण्याची साधने निदान बारा महिन्यांतून एकदा ‘सक्षम व्यक्ती’कडून पूर्णपणे तपासून घ्यावी लागत. सक्षम व्यक्ती म्हणजे राज्याच्या मुख्य कारखाना निरीक्षकाने त्या विशिष्ट तपासणीपुरती मान्यता दिलेला तज्ज्ञ; एकाच्याच सहीवर सगळी यंत्रे पास होऊ नयेत म्हणून ही मान्यता विषयवार दिली जाते. कारखानदारीत या तपासणीला सरसकट ‘थर्ड पार्टी’ म्हणतात आणि ज्या कागदावर ती नोंदली जाते त्याला ‘फॉर्म’.

दुसरे प्रमाणपत्र व्यवस्थेचे, आणि गैरसमज सर्वांत जास्त याच्याविषयी आहेत. आयएसओ ४५००१ हे व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक मार्च २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याने आधीच्या ओएचएसएएस १८००१ या ब्रिटिश वळणाच्या मानकाची जागा घेतली. जिनिव्हातील आयएसओ ही संस्था मानक लिहिते, कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम खासगी प्रमाणन संस्था करतात आणि त्या संस्था हे काम करण्यास योग्य आहेत की नाहीत हे भारतात क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या अखत्यारीतील एनएबीसीबी हे मंडळ पाहते. या मानकात अमुक यंत्राला तमुक जाळी लावा असे सांगितलेले नसते. धोके ओळखण्याची पद्धत आहे का, कामगारांशी सल्लामसलत होते का, अपघाताची चौकशी करून त्यातून बदल केले जातात का, वरिष्ठ व्यवस्थापन स्वतः जबाबदारी घेते का, अशा प्रश्नांची उत्तरे नोंदींतून मिळतात का, एवढे लेखापरीक्षक पाहतो. त्यामुळे उत्तम प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यातही वाईट अपघात होऊ शकतो, आणि अशा वेळी मानक खोटे ठरले असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच प्रमाणपत्र होते म्हणजे व्यवस्थापनाने सर्व काही केले होते असा बचावही चुकीचा. लेखापरीक्षक वर्षातून काही दिवस येतो, त्याच्या येण्याची तारीख आधी ठरलेली असते आणि त्याचे शुल्क ज्याची तपासणी करायची तोच भरतो, या तीन गोष्टी ध्यानात ठेवून ते प्रमाणपत्र वाचावे.

तिसरे प्रमाणपत्र माणसाचे. मलकपेठ-दिलसुखनगरच्या पट्ट्यात जाहिरात होते ती यांचीच, आणि त्यांत ‘नेबॉश’ व ‘आयोश’ ही नावे सर्वांत ठळक असतात. नेबॉश हे १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेले परीक्षा मंडळ आहे. आयोश ही सुरक्षा व्यावसायिकांची संघटना, जिची मुळे १९४५ मधल्या औद्योगिक सुरक्षा अधिकाऱ्यांच्या संस्थेत आहेत. नेबॉशच्या आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण प्रमाणपत्राचे दोन भाग असतात: एकात सुरक्षा व्यवस्थापनाचे ज्ञान तपासले जाते आणि दुसऱ्यात उमेदवाराला एखाद्या प्रत्यक्ष कामाच्या जागेची धोका-पाहणी करून ती लिहून द्यावी लागते. २०२० पासून पहिल्या भागाची परीक्षा पुस्तक समोर ठेवून, एखाद्या काल्पनिक कारखान्याचे दीर्घ वर्णन वाचून उत्तरे लिहिण्याच्या स्वरूपात होऊ लागली, त्यामुळे पाठांतराला तिथे फारसा वाव उरला नाही. अभ्यासक्रम चांगला आहे. पण ब्रिटनच्या पात्रतांच्या उतरंडीत तो तिसऱ्या पातळीवर, म्हणजे तिकडच्या शालेय ए-लेव्हलच्या बरोबरीला येतो, आणि पदवीच्या तोडीचे शिक्षण म्हणजे त्याच मंडळाची वेगळी पदविका, हे जाहिरातीत बहुधा सांगितले जात नाही.

त्याहून महत्त्वाची बाब अशी, की केवळ या प्रमाणपत्राच्या जोरावर भारतातल्या कारखान्यात कायद्याने मान्य सुरक्षा अधिकारी होता येत नाही. कारखाना अधिनियमात १९७६ च्या दुरुस्तीने कलम ४०-ब आले आणि एक हजार किंवा अधिक कामगार असलेल्या, तसेच राज्य शासनाच्या मते विशेष धोका असलेल्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. त्याची पात्रता राज्यांच्या नियमांत आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९८२ चे स्वतंत्र नियम झाले. साधारणपणे अभियांत्रिकीची पदवी व पर्यवेक्षकाच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव, किंवा विज्ञानाची पदवी अथवा अभियांत्रिकीची पदविका व पाच वर्षांचा अनुभव, आणि त्यावर शासनमान्य औद्योगिक सुरक्षा पदविका, अशी ती मांडणी आहे. ही पदविका केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या डीजीएफएएसएलआय या कार्यालयाखालील मुंबईतल्या सायन येथील केंद्रीय श्रम संस्थेत आणि चेन्नई, कोलकाता, कानपूर, फरिदाबाद येथील प्रादेशिक श्रम संस्थांत शिकवली जाते. महाराष्ट्रात राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा ‘एडीआयएस’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रमही तिच्यासाठी आहे. म्हणजे आखातासाठी नेबॉश आणि पाटणचेरू, जिडिमेटला किंवा तळोजा, कुरकुंभ येथील कारखान्यांसाठी एडीआयएस, असे दोन वेगळे रस्ते आहेत, आणि घरच्यांनी कर्ज काढून शुल्क भरण्याआधी मुलाला कोणत्या रस्त्याने जायचे आहे हे ठरलेले असणे बरे.

याच नियमांत आणखी एक अट आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही: सुरक्षा अधिकाऱ्याला त्या प्रदेशातील बहुसंख्य कामगार बोलतात ती भाषा पुरेशी येत असली पाहिजे. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात मुंबईचा मराठी गिरणी कामगार किंवा हैदराबादचा तेलुगू-दखनी बोलणारा कामगार असावा. आज हैदराबादच्या पश्चिमेकडील औद्योगिक वसाहतींत बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा येथून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत, धोक्याच्या सूचना इंग्रजीत किंवा तेलुगूत आहेत, आणि ‘प्रदेशातील बहुसंख्य’ हे शब्द जसेच्या तसे वाचले तर ओडिया किंवा भोजपुरी न येणारा अधिकारीही नियमात अचूक बसतो. नियम चांगला होता. त्याच्याखालची वस्ती बदलली.

ज्ञानाची कमतरता ही खरी अडचण नाही, हे ३० जून २०२५ रोजी संगारेड्डी जिल्ह्यातील पाशमैलारम येथे सिगाची इंडस्ट्रीजच्या कारखान्यात झालेल्या स्फोटाच्या संदर्भात पाहता येते. या स्फोटात ५० हून अधिक माणसे गेली. तिथे मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, म्हणजे औषधांच्या गोळ्यांत भरणी म्हणून वापरली जाणारी, लाकडाच्या लगद्यापासून काढलेली बारीक पांढरी भुकटी तयार होत असे. त्या दिवशी नेमके काय घडले हा चौकशीचा विषय आहे, परंतु अशा भुकटीचा धोका काय असतो हे दीड-दोन शतकांपासून पिठाच्या आणि साखरेच्या गिरण्यांमुळे सर्वांना ठाऊक आहे. जळू शकणारी कोणतीही बारीक पूड बंदिस्त जागेत हवेत पसरली आणि तिला ठिणगी लागली की ती एकाच वेळी पेटते. त्या पहिल्या, अनेकदा लहान असलेल्या स्फोटाच्या धक्क्याने तुळया, नळ आणि छपरावर साचलेली धूळ खाली झडते, आणि तिचा जो दुसरा स्फोट होतो तो इमारत पाडतो. म्हणून अशा कारखान्यात झाडूने धूळ उडवण्याऐवजी ती शोषून घेणे, विजेची उपकरणे ठिणगी न पडणारी असणे आणि यंत्राला दाब बाहेर सोडणारी झडप असणे ही प्राथमिक खबरदारी मानली जाते. कारखाना अधिनियमाचे कलम ३७ याच विषयाचे होते आणि हा धडा सुरक्षेच्या प्रत्येक अभ्यासक्रमात असतो.

तेव्हा हा धडा ज्याला येतो त्याच्या हातात कारखान्यात काय असते, हा खरा प्रश्न आहे. नियमांप्रमाणे सुरक्षा अधिकारी हा सल्लागार असतो. तो व्यवस्थापनाला सुचवतो, पाहणी करतो, प्रशिक्षण देतो, अपघातांची नोंद ठेवतो. चालू यंत्र बंद करण्याचा स्वतंत्र अधिकार कायद्याने त्याला दिलेला नाही. त्याची नेमणूक, पगार आणि बढती ज्याच्या हाती असते त्यालाच त्याने उत्पादन थांबवायला सांगायचे असते. चांगल्या कंपन्यांत हा अधिकार अंतर्गत नियमाने दिलेला असतो आणि बाकीच्यांत सुरक्षा अधिकाऱ्याचे दिवस नोंदवह्या भरण्यात जातात, हे या व्यवसायातली माणसे आपसात मोकळेपणाने बोलतात.

या स्थितीची तुलना कोळशाच्या खाणीशी केली की फरक लख्ख दिसतो. सिंगरेणीच्या किंवा चंद्रपूर-वणीकडच्या खाणीत एका ठरावीक भागाची जबाबदारी ‘सरदारा’कडे असते. सरदार हा कामगारांतूनच वर आलेला असू शकतो, पण त्याच्याजवळ खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या परीक्षेचे सक्षमता प्रमाणपत्र आणि ज्वालाग्राही वायू तपासण्याचे वेगळे प्रमाणपत्र असावे लागते. धनबादला मुख्यालय असलेले हे महासंचालनालय १९०२ मध्ये सुरू झालेल्या खाण निरीक्षण कार्यालयातून वाढले आहे. पाळी सुरू होण्याआधी सरदार आपला भाग फिरून पाहतो, छताला ठोकून आवाज ऐकतो, वायूची तपासणी करतो आणि मगच माणसे आत जातात. धोका आढळला तर माणसांना बाहेर काढणे आणि ती जागा कुंपण घालून बंद करणे हे त्याचे कर्तव्य असते, व्यवस्थापकाची परवानगी घेण्याची बाब नसते. म्हणजे इथे प्रमाणपत्राबरोबर अधिकारही येतो. भारतातल्या खाणी त्यामुळे निर्धोक झाल्या असे कोणी म्हणणार नाही, परंतु अपघात झाल्यावर कोणी पाहायचे होते आणि कोणी थांबवायचे होते, याविषयी तिथे संदिग्धता कमी असते.

अधिकाराचा हाच मुद्दा शहरात, अगदी रस्त्याच्या मधोमध, मॅनहोलच्या झाकणाशी येऊन उभा राहतो. बंद जागेत उतरण्यासाठी ‘वर्क परमिट’, म्हणजे कामाची लेखी परवानगी, घेण्याची पद्धत आहे, आणि ती नीट पाळली तर तिचा प्रत्येक रकाना कुणाचा तरी जीव वाचवण्यासाठी असतो. झाकण उघडून हवा खेळती होऊ द्यायची. मग नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणी वायूची मोजणी करायची, कारण मिथेन हलका असल्याने वर जमतो तर हायड्रोजन सल्फाइड जड असल्याने तळाशी बसतो. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांखाली असेल तर उतरायचे नाही. ज्वालाग्राही वायू पेट घेण्याच्या किमान मर्यादेच्या एक-दशांशावर गेला असेल तरी नाही. हायड्रोजन सल्फाइडची गोष्ट अधिक फसवी आहे: अगदी थोड्या प्रमाणात असताना त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास तो पोहोचला की वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे समजून माणूस आणखी खाली उतरतो. पहिला बेशुद्ध पडला की दुसरा त्याला काढायला तसाच उतरतो आणि तोही जातो. गटारातल्या मृत्यूंच्या बातम्यांत दोन-तीन नावे एकत्र येतात त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. म्हणून परवानगीच्या कागदावर वर उभ्या राहणाऱ्या माणसाचे नाव लिहिलेले असते आणि त्याने काहीही झाले तरी आत उतरायचे नसते. हार्नेसला बांधलेल्या दोराने ओढून काढायचे असते.

ही सगळी पद्धत माहीत असलेला पर्यवेक्षक, रात्री तुंबलेली वाहिनी सकाळपर्यंत मोकळी करा असा निरोप आल्यावर, वायुमापक नाही म्हणून माणूस उतरवणार नाही असे सांगू शकतो का, यावरच बाकी सारे ठरते. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा २०१३ चा कायदा गटारांच्या धोकादायक सफाईवर बंदी घालतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारात मृत्यू झाल्यास भरपाई ३० लाख रुपये ठरवली. हैदराबादच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने मात्र २०१७ मध्ये वेगळी दिशा धरली आणि पुण्यात मूळ असलेल्या दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री या संस्थेच्या सहकार्याने अरुंद गल्ल्यांत शिरू शकणारी ७० छोटी जेटिंग वाहने रस्त्यावर आणली, ज्यांची मालकी दलित उद्योजकांकडे होती. सुरक्षाशास्त्रात नियंत्रणांची जी उतरंड सांगितली जाते, म्हणजे आधी धोका काढून टाका, जमले नाही तर बदला, मग यंत्राने अडवा, मग नियम करा आणि अगदी शेवटी मुखवटा-हातमोजे द्या, तिची ही पहिली पायरी झाली. माणूस आत जाणारच नसेल तर त्याच्या मुखवट्याच्या मानकाची चर्चा करावी लागत नाही. आपल्याकडे सुरक्षा सप्ताहात बहुतेक वेळा या उतरंडीच्या शेवटच्या पायरीचेच वाटप होते आणि छायाचित्रही तिचेच निघते.

हा सप्ताह ४ मार्चला सुरू होतो, कारण १९६६ मध्ये त्या दिवशी मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली; तिचे मुख्यालय आता नवी मुंबईत बेलापूरला आहे. कायद्याचा इतिहास त्याच्याही खूप मागे, मुंबईच्या कापड गिरण्यांपर्यंत जातो. १८७५ चा मुंबईचा फॅक्टरी आयोग, १८८१ चा पहिला कारखाना कायदा, १८८४ पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनमार्फत लावून धरलेल्या रविवारच्या सुटीच्या व कामाच्या तासांच्या मागण्या, अशी ती वाटचाल आहे. पुढची मोठी दुरुस्ती भोपाळच्या डिसेंबर १९८४ मधील वायुकांडानंतर झाली: १९८७ मध्ये धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण अधिनियमात आले, सुरक्षा समितीत कामगारांना निम्मे स्थान मिळाले आणि आसन्न धोक्याची सूचना देण्याचा कामगाराचा हक्क लिहिला गेला.

तो हक्क कसा लिहिला आहे हे पाहण्यासारखे आहे. कामगाराने धोका दिसला तर मालकाच्या नजरेस आणावा, मालकाची खात्री पटली तर मालकाने उपाय करावा, आणि पटली नाही तर प्रकरण निरीक्षकाकडे पाठवावे, ज्याचा निर्णय अंतिम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० मध्येही, जिने कारखाना अधिनियमासह तेरा जुने कायदे एकत्र केले, ही मांडणी जवळजवळ तशीच राहिली आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८१ चा १५५ वा करार, जो २०२२ मध्ये मूलभूत करारांत गणला गेला, जिवाला गंभीर धोका आहे असे सकारण वाटल्याने काम सोडून बाजूला झालेल्या कामगाराला शिक्षेपासून संरक्षण द्यायला सांगतो. भारतीय मजकुरात कामगार सांगू शकतो, निर्णय मालकाचा किंवा निरीक्षकाचा.

संहितेने सुरक्षा अधिकाऱ्याची व्याप्ती मात्र वाढवली, हे मान्य करायला हवे. एक हजार कामगारांची जुनी मर्यादा आता कारखान्यांसाठी ५००, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी २५०, बांधकामासाठी २५० आणि खाणीसाठी १०० झाली आहे. २०१८ मध्ये मलकपेठेवरून धावू लागलेल्या मेट्रोसारख्या बांधकामावर पूर्वीच्या केंद्रीय नियमांनुसार ही मर्यादा ५०० होती. त्याच वेळी विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर नेल्याने पुष्कळ छोट्या जागा कारखाना या कक्षेतूनच बाहेर गेल्या. निरीक्षक आता ‘निरीक्षक-तथा-सुविधाकार’ झाला आहे आणि बाहेरच्या तज्ज्ञांकडून लेखापरीक्षण व प्रमाणन करून घेण्याच्या योजनेचीही संहितेत तरतूद आहे. सरकारी निरीक्षणाची जागा खासगी प्रमाणनाने घेतली तर पैसे कोण देतो आणि अहवाल कोणाकडे जातो हे प्रश्न आयएसओ प्रमाणपत्राइतकेच इथेही लागू पडतील, आणि पदविकाधारकांना काम वाढेल म्हणून ते विसरले जाऊ नयेत. मृत्यू झाल्यास निदान पाच लाखांचा दंड आणि त्यातील किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याची न्यायालयाला मुभा, ही नवी तरतूद उपयोगी आहे, पण ती अपघातानंतरची आहे.

मलकपेठेतच असे एक मोठे कामाचे ठिकाण आहे की जिथे यातले कोणतेही प्रमाणपत्र पोहोचलेले नाही. महबूब मॅन्शनच्या परिसरातला हा गंज म्हणजे हैदराबादचा कांद्याचा घाऊक बाजार. हंगामात महाराष्ट्रातून कांद्याचे ट्रक इथे येऊन लागतात. आडत्याच्या दुकानापुढे ट्रकला फळी लावली जाते, हमाल पाठ वाकवून उभा राहतो, वरचे दोघे गोणी त्याच्या खांद्यावर सोडतात, आणि तो त्या उताराच्या फळीवरून खाली येऊन ती थप्पीला लावतो. तोलणारा ‘दडवाई’ वजन करतो आणि हमालीचा हिशेब गोणीवर होतो. मणक्याच्या चकतीवर सर्वांत जास्त ताण येतो तो कमरेत वाकून त्याच वेळी वळताना, आणि थप्पी लावताना नेमकी हीच हालचाल दिवसभर करावी लागते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्यासाठी ५५ किलो ही कमाल मर्यादा शिफारस केली. आपल्याकडे एक क्विंटलचे पोते पाठीवर घेणे हे कित्येक पिढ्या पुरुषार्थाचे लक्षण मानले गेले, आणि पोते लहान करा ही मागणी पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांना दीर्घकाळ लढवावी लागली.

इथे सुरक्षा अधिकारी नेमायचा कोणी? एका आडत्याकडे २५० कामगार नसतात, आणि हमाल एका दिवसात पाच दुकानांचा माल उतरवतो, त्यामुळे तो कोणा एकाचा कामगारच ठरत नाही. महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने यावर तोड काढली: मालक आणि कामगार यांच्यामध्ये मंडळ उभे केले, त्याच्याकडे हमालांची नोंदणी झाली, व्यापाऱ्याने मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही भरायची आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा, वैद्यकीय मदत द्यायची. अखंड आंध्र प्रदेशातही मुठा, जट्टू, हमाल यांच्यासाठी १९७६ मध्ये याच धर्तीचा कायदा झाला होता. अशा मंडळाने लेव्हीतून प्रत्येक गंजासाठी एक प्रशिक्षित सुरक्षा अधिकारी नेमला, तर तो आडत्याचा नोकर राहणार नाही, आणि मर्यादेबाहेरची गोणी किंवा चिरलेली फळी दिसताच ट्रक खाली करणे थांबवण्याचा अधिकार मंडळाला त्याच्या नेमणूकपत्रात लिहूनच देता येईल.